भयकथेतील भय कोणाचे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर भुताखेतांना बोलावण्याचा प्रसंग तसा विरळाच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घालून दिली, तेव्हा पुढेमागे कोणी या मंचावरून वेताळ आणि हडळ यांच्याविषयी तासभर बोलेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. आमचा विषय ऐकून आपले चिटणीसही क्षणभर थबकले. "मागे काही जोडू या का? 'भयकथेचे सामाजिक अधिष्ठान' असे काहीतरी?" असे त्यांनी फार सौजन्याने सुचविले. आम्ही नको म्हटले. अधिष्ठान म्हटले की श्रोते घरी राहतात, आणि भूत म्हटले की येतात, हा आमचा अनुभव आहे. आजची गर्दी पाहता तो खोटा ठरलेला नाही.

आम्ही भयकथा वाचू लागलो ते उन्हाळ्याच्या सुटीत. खानदेशातला उन्हाळा आपल्याला सांगावयास नको. रात्री घरात झोपणे अशक्य, म्हणून सारे कुटुंब धाब्यावर अंथरुणे टाकी. वीज केव्हा जाईल याचा नेम नसे, म्हणून उशाशी कंदील. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून नारायण धारपांचे पुस्तक मिळवावयाचे म्हणजे आठ-आठ दिवस पाळी लावून बसावे लागे. आणि पाळी आली की एका रात्रीत ते संपवावे लागे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा गिऱ्हाईक दारात उभा. त्या पुस्तकांची शेवटची पाने बहुधा सैल झालेली असत. एका रात्री आम्ही अशा जागी येऊन पोचलो होतो, की कथेतल्या घराच्या जिन्यावरून काहीतरी वर येत आहे; काय ते लेखकाने अजून सांगितलेले नाही; आणि नेमकी त्याच वेळी आमच्या धाब्याची शिडी करकरली. आम्ही ओरडलो. वर आली ती पाण्याचा तांब्या घेतलेली आमची आजी. सारा प्रकार कळल्यावर ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पुस्तकातलं भूत पुस्तकात ठेवावं बाबा. उद्या परत द्यायचं आहे ना ते?"

या एका वाक्यावर आम्ही पुढे बरेच वर्षे विचार केला. आज जे सांगावयाचे आहे त्याचा धागा त्यातच आहे, म्हणून ते ध्यानात असू द्यावे.

मराठीत भयकथेचा वाचकवर्ग घडविला तो मासिकांनी. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' सुरू केले. पुढे त्यांनीच 'नवल' काढले आणि अद्भुत, चमत्कारिक, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींना मराठीत हक्काचे घर मिळवून दिले. तोवर असल्या गोष्टी स्वयंपाकघरात, शेकोटीपाशी आणि बैलगाडीत सांगितल्या जात. त्या छापण्याजोग्या असतात हे प्रतिष्ठित मंडळींस ठाऊक नव्हते. नंतर आले धारप. त्यांचा जन्म १९२५ चा आणि मृत्यू २००८ चा. त्यांची कथा बहुधा अगदी साध्या व्यवहाराने सुरू होते. कोणाची बदली झालेली असते, कोणाला वारसाहक्काने एखादा जुना वाडा मिळतो, कोणी किल्ल्या घेऊन कुलूप उघडतो. पहिली काही पाने घडत काहीच नाही, आणि तेथेच तो लेखक आपल्याला पकडतो. किल्ली, कुलूप, धूळ यांवर आपण विश्वास ठेवला, की पुढे येणाऱ्या त्या दुसऱ्या गोष्टीवरही ठेवावा लागतो. ज्याला भयकथा लिहावयाची आहे त्याने धारपांचे भूत पाहू नये, त्यांचे कुलूप पाहावे.

धारपांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, तो उसनवारीचा. तो खोटा नाही. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि 'शपथ'ही त्याच्याच एका कादंबरीवर. पण असले कर्ज भयकथेत नवे नाही, आणि ते पुढेही फिरत राहते. राही बर्वे या तरुणाने १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून धारपांची एक गोष्ट ऐकली. ती त्याच्या मनात अशी रुतून बसली, की पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, तिच्यातून 'तुंबाड' हा चित्रपट निघाला. त्या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेले, आजीचे बीज धारपांचे, धारपांचे किंगचे, आणि मधला दुवा जंगलातल्या रात्री कोणीतरी सांगितलेली गोष्ट. भयकथा कागदावर येते खरी, पण ती राहते तोंडात.

रत्नाकर मतकरींचा मार्ग निराळा. ते आपल्या कथांना गूढकथा म्हणत, आणि त्यांना ती पाटी शोभते. त्यांच्या कथेत भीती वाड्यातून येत नाही. शेजारच्या बिऱ्हाडातून येते, नवराबायकोच्या संभाषणातून येते, लहान मुलाच्या एखाद्या निष्पाप प्रश्नातून येते. 'गहिरे पाणी'तल्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, किंवा त्या दूरदर्शन संचावर पाहिल्या आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. मतकरी २०२० च्या मे महिन्यात गेले, त्या साथीत. त्या वेळी सारी मुंबई दारे लावून बसली होती.

पण आम्ही काही या दोघांची तुलना करावयास उभे नाही. आम्हांला विचारावयाचा आहे तो प्रश्न असा : भयकथेत भीती वाटते ती नेमकी कोणाची, आणि कोणासाठी?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रस मानला, आणि तो बीभत्सातून निघतो असे सांगून ठेवले. (आजचे पुष्कळ चित्रपट पाहता मुनींचे म्हणणे खरे वाटू लागते, फक्त बीभत्सातून भयानक निघण्याऐवजी तो बीभत्सातच अडकून बसतो.) पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्त झाला. भयानक रसाचे स्वरूप समजावून देताना त्याने उदाहरण कशाचे घेतले असेल? राक्षसाचे नाही, स्मशानाचे नाही, वेताळाचेही नाही. त्याने घेतले शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरिण. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, आणि ते हरिण मान वळवून वळवून मागे पाहत धावत आहे. प्रेक्षकाला जे भय जाणवते ते 'मी भ्यालो' असे नसते आणि 'तो कोणी भ्याला' असेही नसते, असे अभिनवगुप्त म्हणतो. ते स्थळकाळापासून सुटलेले निव्वळ भय असते. म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. 'मी भ्यालो' असे झाले तर माणूस नाट्यगृहातून पळ काढील. आमच्या आजीने संस्कृत वाचले नव्हते, पण पुस्तकातले भूत पुस्तकात ठेवावे याचा अर्थ याहून फार निराळा नाही.

या उदाहरणात आम्हांला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आमची आहे, अभिनवगुप्ताच्या माथी आम्ही मारीत नाही. त्याने भय शोधले ते धनुष्य ताणलेल्या राजाच्या दिशेने नाही. ते शोधले जो पळतो आहे त्याच्या मानेत.

आता आपल्याच डोंगराकडे वळतो. अस्तंब्याचे शिखर येथे कोणाला अपरिचित असेल असे वाटत नाही. धडगाव तालुक्यातले हे सुमारे १,३२५ मीटर उंचीचे शिखर. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो आदिवासी तरुण तळोद्याच्या बाजूने वर निघतात. गुजरातेतून येतात, मध्य प्रदेशातून येतात, रात्रीच्या रात्री चालतात. वर कोण आहे? अश्वत्थामा. त्याच्या कपाळावरची जखम अजून भरलेली नाही, आणि सातपुड्यात फिरत तो जखमेवर लावावयास तेल मागतो. आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो, असेही सांगतात.

हा अश्वत्थामा कोण, ते जरा आठवून पाहा. महाभारतातले सौप्तिक पर्व ही आमच्या मते आपल्या देशातली पहिली थोर भयकथा आहे. युद्ध संपले आहे. रात्र आहे. तीन हरलेले योद्धे एका वडाखाली पडले आहेत. दोघांना झोप लागली आहे, तिसरा जागा आहे. वडावर कावळ्यांचा थवा निजलेला. एक घुबड आवाज न करता येते आणि झोपलेले कावळे एकामागून एक मारते. जागा असलेला माणूस ते पाहतो, आणि त्याला कळते आपण काय करावयाचे ते. पुढे छावणीत झोपलेल्या माणसांचे, द्रौपदीच्या पाच मुलांचे जे झाले ते आपण जाणता. भयकथाकार म्हणून आम्ही त्या घुबडापुढे हात जोडतो. कत्तलीचे वर्णन कोणीही करील. पण ते घुबड सुचावयास व्यासच लागतो.

आणि शिक्षा काय झाली? मृत्यू नाही. तीन हजार वर्षे एकट्याने भटकावयाचे. अंगाला पू आणि रक्ताचा वास. दुर्गम अरण्यात राहावयाचे. आणि बोलावयास कोणी नाही. हा शाप आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या कलमाशी अडखळलो आहो. बोलावयास कोणी नाही. व्यासांचा श्रीकृष्ण त्याला जे देतो त्याला आपल्या भाषेत साधा शब्द आहे : वाळीत टाकणे.

आता सातपुड्याने काय केले ते पाहा. ज्याने झोपलेली मुले मारली त्याला डोंगरावर जागा दिली, वर्षातून एकदा त्याच्या भेटीला जाण्याची रीत घातली, आणि गोष्टीत त्याला तेल मागावयास लावले. त्याला चांगले ठरविले नाही; जखम तशीच ठेवली. मेरी शेली नावाच्या एका इंग्रज मुलीने १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' छापली, तेव्हा तिचा तो शिवलेला, विद्रूप प्राणीही बोलावयास कोणी नाही म्हणूनच क्रूर होतो. युरोपच्या साहित्याला हे सुचले म्हणून आपण तिचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. डोंगरावरच्या माणसांनी ती गोष्ट एका तेलाच्या वाटीत सांगितली.

येथपर्यंत आमचे व्याख्यान सुखाचे होते. आता जे सांगावयाचे ते तितके सुखाचे नाही, कारण त्यात आमचाच दोष आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने आमच्याकडे भयकथा मागितली. आपल्या भागातले काही लिहावे, नुसते कोकणातले मुंजे आणि समंध किती दिवस उसने आणावयाचे, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. आम्ही डाकीण घेतली. पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, तिची नजर लागली की मुले तापाने फणफणतात, गाव कुजबुजते, शहरातून आलेला तरुण आरोग्यसेवक या साऱ्याला हसतो. शेवटी तो तिच्या झोपडीत शिरतो, चुलीमागची माती उकरतो, आणि तेथे त्याला काहीतरी सापडते. काय सापडले ते आम्ही मोठ्या खुबीने अर्धेच सांगितले होते. गावच खरे होते, हा धक्का. कथा गाजली. पत्रे आली. आम्ही खूष होतो.

त्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी मुलांच्या वसतिगृहात कथाकथनाला आम्हांला बोलावले होते. आम्ही तीच कथा सांगितली. शहरातली मुले भयकथा ऐकताना मध्ये किंचाळतात, हसतात, एकमेकांना चिमटे काढतात. येथे चिडीचूप. आम्हांला वाटले, काय रंगली आहे गोष्ट! संपल्यावर आठवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, "सर, ते चुलीच्या मागंच असतं का? का दुसरीकडं पण ठेवतात?"

आम्ही म्हणालो, "अरे, ही गोष्ट आहे." त्याने मान डोलावली, मोठी माणसे काही बोलली की मुले डोलावतात तशी.

बसच्या थांब्यावर पोचवावयास आलेल्या शिक्षकाने मग सांगितले. त्या मुलाचा धाकटा भाऊ पावसाळ्यात तापाने गेला होता. दवाखाना लांब, नाल्याला पाणी. काका आदल्या वर्षी वारला होता. काकू एकटी राहत होती, आणि काकाच्या वाटणीचे शेत तिच्याकडे होते. घरात बोलणे सुरू झाले होते. कोणाला तरी विचारून आले होते.

मंडळी, आम्ही त्या दिवशी बसमध्ये बसून नंदुरबारला परत येईपर्यंत आमच्याच कथेला भ्यालो होतो. आमच्या आयुष्यात एवढी परिणामकारक भयकथा आम्ही पुन्हा लिहिलेली नाही.

डाकीण या विषयावर शहरात बोलू लागले की श्रोते हळूच सैल होतात. हे डोंगरातले, आदिवासींचे, आपले नव्हे, असे त्यांना वाटते. म्हणून दोन गोष्टी सांगतो. १४८६ च्या सुमारास जर्मनीत एक ग्रंथ छापला गेला. चेटकीण कशी ओळखावी, तिची चौकशी कशी करावी, तिला कबुलीस कसे आणावे याची ती पद्धतशीर पोथी होती; लिहिणारा विद्वान धर्मोपदेशक होता, आणि छापखान्याचा शोध लागून फार वर्षे झाली नव्हती. त्या एका पोथीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. १६९२ साली अमेरिकेत सेलम येथे एकोणीस जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिले, आणि एकाला अंगावर धोंडे रचून मारले. तेथे न्यायासन होते, साक्षी होत्या, नोंदी होत्या. त्या पोथीची आणि आमच्या मुलाच्या प्रश्नाची जात एकच आहे : कोठे शोधावयाचे? आणि उत्तर आमच्या कथेने दिले होते. चुलीमागे.

दुसरी गोष्ट जवळची आहे. मेवाडच्या दरबाराने १८५३ साली या प्रथेवर बंदी घातली, आणि त्याच राजस्थानात २०१५ साली त्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षअखेर विधिमंडळाने कायदा केला. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्या अंगी सैतानी शक्ती आहे असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर जाऊन हे सांगत आले आहेत. आमच्या एका तशाच मित्राने ही हकीगत ऐकली आणि म्हटले, "मग बंद कर असल्या गोष्टी. भयकथा म्हणजे अंधश्रद्धेची शिकवणीच."

हे आम्हांला मान्य झाले नाही, आणि आजही नाही. का नाही, ते सांगतो.

आपल्या भुतांची यादी जरा नजरेखालून घाला. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा; तो पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. कोणाचे धन पुरलेले राहिले म्हणून घुटमळणारा समंध. ही सारी मेलेली माणसे आहेत, आणि प्रत्येकाचे काहीतरी राहून गेले आहे. बाळंतपणात बायका मरत होत्या म्हणून अळवंतीण होती. त्या दुःखाची गोष्ट सांगावयास दुसरी जागा नव्हती, म्हणून ती पिंपळाखाली, विहिरीपाशी सांगितली गेली. आमच्या गोष्टीने त्यांचे आता आणखी वाईट होऊ शकत नाही. झाले तर एवढेच, की कोणाला तरी त्यांची आठवण राहते. डाकीण मात्र मेलेली नाही. तिचे नाव रेशनकार्डावर आहे. तिचे शेत आहे, आणि पुष्कळदा तेच तिच्या मुळावर येते. तिच्याविषयी जी गोष्ट पाड्यावर सांगितली जाते तिला लेखक नाही, शेवटचे पान नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत देता येत नाही.

आम्ही कथा बंद केली नाही. कोणत्या गोष्टीला कोण ऐकणार आहे हे न पाहता ती सांगितली, ही आमची चूक. धनुष्य ताणलेल्याच्या बाजूने ती लिहिली, ही त्याहून मोठी. हरिण झोपडीत होते, आणि आम्ही वाचकाला रथात बसविले होते.

गुणाढ्याची दंतकथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सातवाहनाच्या दरबारातला हा पंडित प्रतिज्ञा हरतो, संस्कृत-प्राकृत बोलणे सोडतो, विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकतो आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा आपल्या रक्ताने लिहितो. राजाकडे पोथी जाते. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची. राजा नाक मुरडतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणे, डुकरे चरणे सोडून भोवती उभी राहून ऐकतात. सहा लाख श्लोक जळतात, राजा धावत येतो, एक लाख उरतात. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला तो त्या परंपरेवर, आणि आपली वेताळपंचविशीही त्यात आहे. या दंतकथेत आम्हांला नेहमी श्रोते आवडत आले आहेत. पिशाचांच्या भाषेतली गोष्ट ऐकावयास प्रथम हरणे आली. ती पळाली नाहीत.

तर आम्ही ती कथा पुन्हा लिहावयास घेतली. सोपे गेले नाही. तीन वर्षे गेली. पहिल्या खेपेस म्हातारी इतकी सोशिक आणि देवमाणूस झाली की तिची कोणाला भीती वाटेना आणि तिच्यासाठीही वाटेना. सभेत वाचण्याजोगे निबंधवजा काहीतरी झाले होते ते, फाडून टाकले. मग आम्ही तिला जरा तिरसट केले. ती कोंबड्यांवर ओरडते, शेजारणीशी कुंपणावरून भांडते. आणि मग धारपांच्या कुलपाची आठवण ठेवून सुरुवात केली. संध्याकाळ, ती कडी लावते, कडी नीट बसत नाही, कारण नवरा गेल्यापासून कोणी दुरुस्त केलेली नाही. कोणी भाकरीला पीठ मागावयास आले नाही, हे तिच्या ध्यानात येते. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणवठ्यावर तिची घागर भरून होईपर्यंत बाकीच्या लांब उभ्या राहतात. तिला वाटते, आपल्याला काही रोग झाला की काय. मग एका रात्री बाहेर पावले वाजतात. ती आत बसून आवाज ओळखते. हा अमक्याचा, हा खोकतो तो तमक्याचा. त्यांतल्या अर्ध्या जणांच्या आयांची बाळंतपणे तिने केलेली आहेत. एक आवाज लहान मुलाचा आहे. तो मोठ्यांना सांगतो आहे की कोठे पाहावयाचे. आणि ती वळून आपल्याच चुलीकडे पाहते. तेथे खरोखरच काही असेल का, असे तिलाही क्षणभर वाटते. कथा तेथे संपते.

त्या मुलाच्या काकूचे काय झाले, असे आपण विचाराल. शिक्षक आणि एकदोन कार्यकर्ते घरी जाऊन बोलले. पोलीस पाटलालाही सांगितले. तिला कोणी हात लावला नाही. ती माहेरी निघून गेली, गुजरातेच्या बाजूला. शेत आता दुसरे कोणी कसते.

नवी कथा आम्ही ज्या संपादकांकडे प्रथम पाठविली त्यांनी ती आदराने परत केली. सोबतच्या पत्रात लिहिले होते, "कथा बरी उतरली आहे, परंतु यात भूत कोठे आहे?" दुसऱ्या एका दिवाळी अंकाने छापली. अंक हाती आल्यावर आम्ही उत्सुकतेने पान उघडले. चित्रकाराने मोठे परिणामकारक चित्र काढले होते. दाराबाहेरची माणसे त्यात नव्हती. झोपडीच्या अंधारात म्हातारी बसलेली होती. केस मोकळे, डोळे पांढरे, आणि बोटांची नखे चांगली वीतभर लांब.

तो अंक आज आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठापाशी यावे.